स्टेशनसमोरचा भूखंड आणि आमची एक पानी हरकत

नवी मुंबई महापालिका स्थापन झाली 1 जानेवारी 1992 ला. तिने स्वतः तयार केलेली पहिली प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठल्या जागेवर पुढे काय व्हावं याचा कच्चा आराखडा, लोकांपुढे हरकती-सूचनांसाठी आली ऑगस्ट 2022 मध्ये. मधली तीस वर्षं शहर नकाशाविना वाढलं असं अजिबात नाही. आमच्याइतकं आधी कागदावर आणि मग जमिनीवर आलेलं शहर शोधूनच काढावं लागेल. फक्त तो कागद सिडकोचा होता. सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारी राज्य सरकारची कंपनी, 1970 ची. तिची विकास योजना मंजूर झाली 1979 मध्ये, आणि नोड (म्हणजे शहराचा एकेक उपविभाग), सेक्टर, प्लॉट नंबर ही आमची सगळी पत्त्याची भाषा तिथून आली. महापालिका आल्यावर पाणी, कचरा, दिवाबत्ती, शाळा हे टप्प्याटप्प्याने तिच्याकडे गेलं, 1996 पासून तिच्या एनएमएमटीच्या बसही धावू लागल्या. मोकळी जमीन मात्र बहुतेक सिडकोचीच राहिली. नव्या आराखड्यात महापालिकेने पहिल्यांदाच या मोकळ्या भूखंडांवर आपल्या गरजा लिहिल्या: इथे मैदान, इथे बाजार, इथे दवाखाना, इथे पार्किंग. जमिनीची मालक एक यंत्रणा आणि तिच्यावर आरक्षण लिहिणारी दुसरी, यावरून दोघांत बरीच ओढाताण झाली, ती वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचली. माझा संबंध त्यातल्या एकाच भूखंडाशी.

आम्ही कोपरखैरण्याचे. सासरे माथाडी कामगार, गाव साताऱ्याकडचं. घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला तशी माणसंही हलली, आणि सिडकोच्या बैठ्या घरांच्या रांगेत एक खोली आमच्या वाट्याला आली. आज त्याच जागेवर आमचे तीन मजले आहेत, तसे सगळ्यांचेच आहेत, आणि प्रत्येक मजल्यामागे निदान एक दुचाकी आहे. गल्ली होती तेवढीच आहे. मी स्वतः तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचं काम करते. नगररचना वगैरे माझा प्रांत नव्हे.

भूखंड स्टेशनच्या पश्चिमेला, नोडच्या बाजूला. सकाळी तिथे शेअर रिक्षांची रांग, दुपारी टेम्पो, संध्याकाळी भाजीवाल्या. एका कोपऱ्यात पावसाळ्यात साचणारं डबकं, त्याच्या कडेने पोरांचं क्रिकेट. बसला मात्र तिथे जागा नाही. बस रस्त्यावरच थांबते, रस्त्यावरच वळते, आणि ती वळेपर्यंत मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत राहतात. पावसात लोक भिंतीला चिकटून उभे राहतात, कारण थांब्याचं छप्पर चार माणसांपुरतं. रात्री दहानंतर बायका बसची वाट पाहत नाहीत, मिळेल त्या रिक्षात तिसरी सवारी म्हणून बसतात. स्टेशनपासून घर चालत पंधरा-वीस मिनिटांवर, पण पदपथावर चालायला जागा असेल तर ना.

त्या वर्षी गणपती 31 ऑगस्टला बसले. कोविडनंतरचा पहिला मोकळा उत्सव, त्यामुळे मांडवात माणसं रात्री उशिरापर्यंत असायची. गल्लीतला एक मुलगा आर्किटेक्चरला आहे, शेवटच्या वर्षाला. त्याने आरतीनंतर प्रसादाच्या टेबलावरची परात बाजूला सारून लॅपटॉप ठेवला आणि आराखड्याची फाइल उघडली. पहिली दहा मिनिटं नुसतीच ती उघडत होती. मग रंग दिसायला लागले. पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे वाणिज्य, हिरवा म्हणजे बागा-मैदानं. सगळ्यांनी आधी आपापलं घर शोधलं, हे सांगायला नकोच. आमच्या घराला धक्का नाही म्हटल्यावर निम्मी माणसं जेवायला गेली.

उरलेल्यांना त्या मुलाने दोन नकाशे शेजारी शेजारी लावून दाखवले. एक विद्यमान भूवापराचा, म्हणजे पाहणी केली तेव्हा जमिनीवर काय होतं त्याचा. दुसरा प्रस्तावित भूवापराचा, म्हणजे पुढे काय व्हावं त्याचा. पहिला नकाशा कायद्यानेच आधी करावा लागतो, त्यावर दुसरा उभा राहतो. माझ्या मते ज्याला हरकत घ्यायची आहे त्याने पहिल्यापासूनच सुरुवात करावी. पाहणीत एखादी जागा 'रिक्त' म्हणून लिहिली गेली, की तिथे रोज उभ्या राहणाऱ्या भाजीवाल्या, रिक्षा आणि थांबणारी बस यांची दखल घ्यायचं कारणच नकाशाला उरत नाही. आमचा भूखंड विद्यमान नकाशात रिकामा होता. प्रस्तावित नकाशात त्यावर आरक्षण होतं, पार्किंगचं.

मांडवात आनंदीआनंद झाला. पार्किंग हा आमच्याकडचा पहिला प्रश्न, पाण्याच्याही वरचा. शेजारचे काका म्हणाले, "झालं की मग, अजून काय पाहिजे?" मला मात्र ते रुचेना. स्टेशनच्या दारात गाड्या लावायची सोय केली की स्टेशनपर्यंत गाड्या येणार. आज जो माणूस बसने किंवा रिक्षाने येतो तो उद्या ॲक्टिव्हा काढेल. आणि बस तशीच रस्त्यात वळत राहील. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरची, आमच्या भागात उरलेली एकुलती एक मोठी जागा उभ्या गाड्यांना देऊन टाकायची, हे काही माझ्या गळी उतरत नव्हतं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. आमच्याकडच्या रेल्वेचा खर्च एकट्या रेल्वेने केलेला नाही. मानखुर्दहून वाशी 1992 मध्ये जोडली गेली, ठाणे-तुर्भे-वाशी मार्ग 2004 मध्ये सुरू झाला, आणि या मार्गांच्या खर्चातला 67 टक्के वाटा सिडकोने उचलला, 33 टक्के रेल्वेने. सिडकोने हा पैसा कुठून आणला? जमिनीतून. स्टेशन आलं की भोवतालच्या भूखंडाचा भाव चढतो, तो विकून स्टेशनचा खर्च निघतो. वाशी, बेलापूर, जुईनगरच्या स्टेशनांवर ऑफिसं आणि गाळे उभे आहेत ते याच हिशेबातून. हा हिशेब वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्यानेच आम्हाला लोकल मिळाली. पण तो स्टेशनच्या दारापर्यंतच येऊन थांबतो. दारातून बाहेर पडल्यावर पुढच्या दीड किलोमीटरचं कोणी बघायचं? बस महापालिकेची, भूखंड सिडकोचा, फलाट रेल्वेचा. दोन-पाच मिनिटांत माणूस तिघांच्या हद्दी ओलांडतो. विकास योजना हा एकच कागद असा, ज्यावर या तिन्ही गोष्टी एकत्र काढता येतात. तिथेही बसला जागा ठेवली नाही तर पुढची पंधरा-सोळा वर्षं ती मागायला दारच उरत नाही. ही योजना 2038 सालापर्यंतची आहे.

मांडवातली चर्चा दुसऱ्या दिवशी रस्त्यांवर गेली. पलीकडच्या सेक्टरातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. सिडकोने बांधलेली जुनी इमारत, प्लास्टर पडतंय, गळती आहे, पुनर्विकासाची बोलणी चालू. त्यांना आमच्या भूखंडात रस नव्हता. त्यांना त्यांच्यासमोरचा रस्ता नकाशात रुंद करून हवा होता, आणि त्यासाठी त्यांना आमच्या सह्या पाहिजे होत्या. मी सहज म्हटलं, बरं होईल, बस तरी नीट जाईल. ते हसले. म्हणाले, "ताई, बसचं राहू द्या. रस्ता वाढला की एफएसआय वाढतो."

एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. मग त्या मुलाने त्याचा तक्ता काढून दाखवला. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभरासाठी एकच बांधकाम नियमावली लागू झाली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यातल्या सर्वसाधारण तक्त्यात, गावठाणासारखा दाट वस्तीचा भाग वगळता, महापालिका हद्दीत मूळ एफएसआय 1.1. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढाच. रस्ता 9 मीटरचा झाला की प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून आणि टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम-हक्क चढवून तो 2 पर्यंत जातो. मग 12 मीटर, 15 मीटर, 24 मीटर अशा पायऱ्या, आणि 30 मीटरच्या रस्त्यावर 3. त्यावर पूरक म्हणून आणखी बांधकाम मिळतं ते वेगळंच. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जागांना करारातल्या अटी, वेगळे दर, वेगळ्या तरतुदी आहेत, त्यामुळे हाच आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. पण सूत्र तेच: जितका रस्ता रुंद, तितकं बांधकाम जास्त.

मी तो तक्ता बराच वेळ बघत बसले. वरवर पाहता त्यात चूक काही नाही. रुंद रस्त्यावर जास्त माणसं राहिली तर चालतील, हे कोणालाही पटेल. पण त्या रस्त्यावरून बस जाते का, पदपथ आहे का, स्टेशन किती लांब, यातलं काहीही तो तक्ता विचारत नाही. तो फक्त रुंदी विचारतो, आणि तीही नकाशातली. आमच्याकडे पंधरा मीटरचा म्हणून ओळखला जाणारा रस्ता आहे. त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या, त्यापुढे फळांच्या हातगाड्या, आणि मधल्या जागेत समोरासमोर आलेल्या दोन बसमधली एक मागे घ्यावी लागते. तक्त्याच्या लेखी तो रस्ता पंधरा मीटरच. त्यावर मजले चढतील, त्या मजल्यांमधली माणसं सकाळी आठ वाजता खाली उतरतील, आणि त्यांना न्यायला जी बस येईल ती उभ्या गाड्यांच्या मागे अडकलेली असेल.

सेक्रेटरींना मी सही दिली. त्यांची इमारत खरोखरच पडायला आली आहे, आणि रस्ता रुंद व्हावा यात वाईट काही नाही. पण एक ओळ घालायला लावली: रुंद होणाऱ्या भागात दोन्ही बाजूंना सलग पदपथ आणि बसथांब्याची खाच ठेवावी. त्यांनी ती कुरकुरत घातली. पुढे सुनावणीत ती त्यांनी वाचली की गाळली, ते त्यांनाच ठाऊक.

आता हरकत लिहिण्याबद्दल. या दिवसांत गल्लोगल्ली छापील अर्ज फिरत होते. एकच मजकूर, खाली नाव-पत्ता भरायचा, सही ठोकायची. कार्यकर्ते गठ्ठेच्या गठ्ठे गोळा करून नेत होते. त्याचा उपयोग नाही असं नाही, संख्येला वजन असतंच. पण त्या अर्जात "सदर आरक्षणास आमचा तीव्र विरोध आहे" यापलीकडे काही नव्हतं. कोणतं आरक्षण, कुठल्या सेक्टरात, त्याऐवजी काय हवं, का हवं, काहीच नाही. बिल्टीवर माल कुठून कुठे चालला, किती नग, कोणाच्या नावाने, हे लिहिलं नसेल तर गाडी पहिल्याच नाक्यावर अडते. हरकतीचंही तसंच आहे. मी एका पानात बसवली. वर सेक्टर, भूखंड, प्रस्तावित नकाशातला आरक्षणाचा क्रमांक. मग आज नकाशात काय आहे. मग आमची मागणी: हे आरक्षण रद्द करू नये, बदलावं, आणि 'पार्किंग'ऐवजी 'बस टर्मिनस व पार्किंग' करावं, ज्यात जमिनीलगतचा मजला बस, रिक्षा आणि पायी येणाऱ्यांसाठी राहील आणि गाड्या वर जातील. मग कारणं. सोबत नकाशाचा तेवढाच तुकडा, लाल पेनने गोल केलेला.

कारणांसाठी मी आणि माझी जाऊ सकाळी साडेआठ ते साडेनऊ थांब्यावर उभ्या राहिलो. आमच्या ऑफिसातली जुनी आवक-जावक वही घेतली. एका रकान्यात आलेली बस, तिचा मार्ग क्रमांक, दुसऱ्यात ती थांब्याला लागली की रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, तिसऱ्यात चढणाऱ्यांत बायका किती, म्हातारी माणसं किती. जावेला हे भलतंच आवडलं. शेवटी शेवटी तर ती ड्रायव्हरांना विचारायला लागली की तुम्हाला वळायला किती वेळ लागतो. एका ड्रायव्हरने सांगितलं ते मी तसंच लिहून घेतलं: इथे वळण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात मी पुढचे दोन थांबे गाठतो. तज्ज्ञ याला काय म्हणतात कोण जाणे, पण त्या पानाची झेरॉक्स हरकतीला जोडली.

काकांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. "हे सगळं आधीच ठरलेलं असतं गं, तुझ्या कागदाने काय होतंय?" मी त्यांना एवढंच म्हटलं की ठरलेलं असेल तर सही करायला तुमचं काय जातंय. त्यांनी केली.

कागद दिला, पोच घेतली. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक आहे ना हे खिडकीवरच बघून घ्यावं. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका आजींना तिथल्या मॅडमनी स्वतः सांगितलं, "आजी, हा नंबर जपून ठेवा, सुनावणीला हाच लागेल." असं सांगणारं माणूस खिडकीवर असलं की अर्धं काम होतं. हरकती देणाऱ्यांची गर्दी एवढी होती, की आपल्या कागदाची पाळी येईल तेव्हा येईल म्हणून मी नाद सोडून दिला. पुढे मुदतही वाढली.

सुनावणीचं पत्र आलं तेव्हा काकांनीच ते आधी पाहिलं आणि आरडाओरडा करत वर आणून दिलं. ऑफिसातून अर्धी सुट्टी काढली. कोपरखैरण्याहून पनवेल लोकल धरली की थेट बेलापूर. सुनावणीच्या खोलीबाहेर बाकांवर माणसं बसलेली, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत नकाशाचा तुकडा.

माझ्या शेजारी एका गावठाणातले आजोबा होते, डोक्यावर टोपी, सोबत नातू. त्यांची हरकत माझ्याहून कितीतरी जड. नातवाने दाखवलं: प्रस्तावित रस्त्याची रेघ त्यांच्या घराच्या ओटीवरून जात होती. घर गावठाणाच्या जुन्या हद्दीबाहेर, कुटुंब वाढलं तसं बांधलेलं. इकडे त्याला 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात, आणि ती नियमित करण्याबद्दल सरकारचा निर्णय 2022 च्या फेब्रुवारीत आला होता. म्हणजे एका कागदावर घर नियमित होणार, आणि दुसऱ्या कागदावर त्यातून रस्ता जाणार. आजोबा माझा नकाशा बघून म्हणाले, "तुमचा काय?" मी सांगितलं, बसस्टँड मागतेय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचे शेतान तुमचा स्टेशन झाला, नं आता आमचे घरान रस्ता. माग बाय, तुला भेटंल." त्यात टोमणा होता की आशीर्वाद, मला ठरवता आलं नाही. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या 95 गावांच्या लोकांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, हे मी शाळेत नव्हे, सासऱ्यांकडून ऐकलं होतं. नियोजन म्हटलं की आम्हा सेक्टरवाल्यांना सोयी आठवतात. त्यांना आधी मोजणीवाले आठवतात. एकाच बाकावर बसून मी बसला जागा मागत होते आणि ते स्वतःच्या घराला.

आजोबांचा नंबर माझ्या आधी लागला. दार उघडंच होतं. नातू बोलायला लागला तर त्यांनी त्याला थांबवलं आणि स्वतःच बोलले. घरपट्टीच्या पावत्या टेबलावर एकेक करून मांडल्या, सर्वांत जुनी सर्वांत वर. हरकती ऐकणाऱ्या समितीतल्या एकांनी त्या सगळ्या हातात घेऊन पाहिल्या, आणि नकाशातली रेघ कशावरून काढली हे शेजारच्यांना विचारलं. बाहेर आल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, "लिवून घेतला."

या समितीत कायद्याप्रमाणे स्थायी समितीतले तीन नगरसेवकही असायला हवेत, आणि त्यांच्या जोडीला नियोजनाची विशेष जाण असलेले तज्ज्ञ. पण नगरसेवकांची मुदत मे 2020 मध्येच संपली होती आणि शहरावर प्रशासक होते. त्यामुळे आराखड्यावर आमचं म्हणणं ऐकायला निवडून दिलेला माणूस समोर नव्हता. समोर बसलेल्यांनी नीट ऐकलं, तक्रार त्याबद्दल नाहीच. पण 2038 पर्यंतचा आराखडा ठरताना ज्याला रस्त्यात गाठून जाब विचारता येईल असा एकही माणूस त्या खोलीत नसावा, ही व्यवस्था मला आजही विचित्र वाटते.

मला दोन-तीन मिनिटं मिळाली. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं तर मधल्या साहेबांनी हात वर केला. "ताई, वाचलंय आम्ही. एकच सांगा, आरक्षण काढून हवंय की बदलून?"

"बदलून."

"कारण याच भूखंडाबद्दल आरक्षण काढूनच टाका, अशीही हरकत आहे."

ती कोणाची हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. स्टेशनच्या दारातल्या जागेला भाव किती असेल, हे कळायला नगररचना शिकावी लागत नाही. मी म्हटलं, "काढू नका. पार्किंग ठेवलंत तरी चालेल, पण काढू नका." आधी ठरवलेलं वाक्य हे नव्हतं, पण त्या क्षणी तेच महत्त्वाचं वाटलं. मोकळ्या भूखंडावर एकदा रहिवास किंवा वाणिज्य लिहिलं गेलं आणि तो विकला गेला, की पुन्हा बससाठी जागा आणायची कुठून? आरक्षणाचा प्रकार बदलून घेता येतो. विकलेली जागा परत मिळत नाही.

शेवटी बसलेल्या एका बाईंनी वहीचं पान वर धरलं. "हे कोणी केलंय?" मी म्हटलं, मी आणि माझ्या जावेने. त्यांनी विचारलं की हे फक्त सकाळचं आहे, संध्याकाळचं का नाही. मी खरं ते सांगितलं: संध्याकाळी दोघींनाही स्वयंपाक असतो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पानावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि ते बाकीच्या कागदांत परत लावलं. मग त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, टर्मिनस इथे केलं तर बस बाहेर कुठून काढणार, कारण एका बाजूला नाला आहे. याचं उत्तर त्या मुलाने मला आधीच काढून दिलं होतं: आत जायला स्टेशनकडची बाजू, बाहेर यायला मागचा रस्ता. मी बोटानेच रेघ ओढून दाखवली. झालं. पुढचा नंबर पुकारला गेला.

परतीच्या लोकलमध्ये जावेला फोनवर सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, "मग संध्याकाळचं करू या का?"

लोक मला विचारतात, मग झालं का बसस्टँड. कायद्याची वाट लांब आहे. समिती अहवाल देते, महापालिका त्यावरून योजनेत बदल करून ते बदल प्रसिद्ध करते, मग योजना राज्य सरकारकडे मंजुरीला जाते. सरकारने त्यात मोठे फेरबदल सुचवले, तर तेवढा भाग बाजूला काढून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. आणि मंजूर झाल्यावरही आरक्षण म्हणजे बांधकाम नव्हे. खासगी जमिनीवरचं आरक्षण तर दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही की मालकाच्या नोटिशीनंतर ठरावीक मुदतीत रद्दही होऊ शकतं. कलम 127. हे कलम आमच्या मांडवात आता पोरासोरांना तोंडपाठ आहे.

मधल्या काळात 15 जानेवारी 2026 ला महापालिकेची निवडणूक झाली, 2015 नंतर पहिल्यांदाच. प्रचारात आमच्या गल्लीत सगळेच येऊन गेले. एका उमेदवाराला काकांनीच माझ्याकडे आणलं: "हिला विचारा, हिच्याकडे नकाशा आहे." मी पोचेसकट हरकतीची झेरॉक्स त्याच्या हातात दिली. त्याने ती उभ्याउभ्याच वाचली. मग विचारलं, "पण वहिनी, हे महापालिकेच्या हातात आहे का? जागा तर सिडकोची."

मी त्याला सांगितलं की योजना मंजूर झाल्यावरही आरक्षण बदलायचा प्रस्ताव कलम 37 खाली महापालिकेच्या सभेतूनच सुरू होऊ शकतो, अंतिम मंजुरी सरकारची. बस तर पूर्णच तुमची. आणि रुंद होणाऱ्या रस्त्यावर पदपथ करायचा की गाड्या लावू द्यायच्या, हे ठरवायला सिडकोला विचारावं लागत नाही. त्याने झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या घरी पाण्याच्या दाबाबद्दल बोलायला गेला. संध्याकाळी त्याच्या कार्यकर्त्याचा फोन आला: कलम 37 वर अर्ज कोणाच्या नावाने करायचा असतो, आणि ते वहीचं पान व्हॉट्सॲपवर पाठवाल का. सकाळचं आणि संध्याकाळचं अशी दोन्ही पानं पाठवली.